बँकेने अचानक खाते गोठवल्यास काय करावे: भारतातील खातेदारांसाठी मार्गदर्शन

यूपीआयचा व्यवहार फसतो, एटीएम कार्ड नाकारते, आणि अ‍ॅपमध्ये शिल्लक मात्र जशीच्या तशी दिसत असते. बहुतेक खातेदारांना खाते गोठवले गेल्याचे कळते ते असेच, कारण पैसे अडल्यावरच बँकेचा संदेश शोधला जातो आणि अनेकदा तो आलेलाच नसतो. अशा वेळी ग्राहक शाखेत जाऊन वाद घालतो, शाखेतील कर्मचारी ‘वरून झाले आहे’ एवढेच सांगतात, आणि पहिले काही दिवस त्यातच जातात. हे टाळायचे असेल तर सुरुवातीला एकाच प्रश्नाचे उत्तर मिळवावे लागते: खाते नेमके कोणी गोठवले? बँकेने स्वतःहून गोठवले असेल तर शाखेचे दार ठोठावायचे. पोलिसांच्या सांगण्यावरून गोठवले असेल तर शाखा व्यवस्थापकाच्या हाती फारसे काही नसते. आणि कर विभागाने किंवा न्यायालयाने जप्ती आणली असेल तर मार्ग तिसराच असतो. चुकीच्या दारावर घातलेले खेटे कितीही विनम्र असले तरी निष्फळच ठरतात.

आधी काय थांबले आहे ते तपासा

‘खाते बंद झाले’ हे चार-पाच वेगवेगळ्या अवस्थांचे सरसकट वर्णन आहे. कधी फक्त मोबाइल बँकिंग किंवा कार्ड रोखलेले असते आणि शाखेतून पैसे काढता येतात. कधी ठरावीक रकमेवर ‘लिएन’ लावलेला असतो, म्हणजे तेवढी रक्कम अडकते आणि उरलेली वापरता येते. ‘डेबिट फ्रीझ’मध्ये पैसे जमा होतात, पण निघत नाहीत. ‘टोटल फ्रीझ’मध्ये दोन्ही बाजू बंद असतात आणि येणारी रक्कम पाठवणाऱ्याकडे परत जाते. खाते ‘इनऑपरेटिव्ह’, म्हणजे निष्क्रिय झालेले असणे हा यापेक्षा वेगळा आणि सर्वांत निरुपद्रवी प्रकार आहे.

यांपैकी डेबिट फ्रीझ सर्वांत फसवा असतो, कारण खाते वरवर जिवंत दिसते. पगार जमा होतो, भाडेकरू भाडे पाठवतो, मुदत ठेवीचे व्याज येते आणि सगळे आतच अडकते. म्हणून डेबिट फ्रीझ असल्याचे कळताच त्याच दिवशी येणाऱ्या पैशाची वाट बदलावी. कार्यालयात पगारासाठी दुसरा खाते क्रमांक द्यावा, या खात्याला जोडलेला क्यूआर कोड वापरणे थांबवावे आणि नियमित पैसे पाठवणाऱ्यांना कळवावे. खाते सोडवण्याची धडपड त्यानंतर सुरू केली तरी चालते, पण हे काम मागे राहिले तर अडकलेली रक्कम रोज वाढत जाते.

एक गोष्ट येथेच वेगळी काढतो. रिझर्व्ह बँकेने एखाद्या संपूर्ण बँकेवर निर्बंध घालणे, जसे सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या बाबतीत झाले, हा विषय निराळा आहे. तेथे सर्वच ठेवीदार अडकतात आणि प्रश्न ठेव विम्याचा असतो. हा लेख एकट्या तुमच्या खात्यावर आलेल्या बंदीविषयी आहे.

कोणी गोठवले, हे लेखी विचारा

शाखेत जाताना ओळखपत्र, पॅन, पासबुक आणि अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. अर्ज लांबलचक नको आणि त्यात नाराजीही नको. पुढील मजकूर पुरेसा आहे:

‘माझ्या बचत खात्यातून दिनांक अमुकपासून रक्कम काढता येत नाही. खात्यावर कोणत्या प्रकारची बंदी आहे, ती कोणत्या तारखेला लावली, कोणत्या अधिकाऱ्याच्या किंवा यंत्रणेच्या आदेशावरून लावली, आदेशाचा व तक्रारीचा क्रमांक काय, कोणता व्यवहार व किती रक्कम वादग्रस्त आहे आणि त्या यंत्रणेचा संपर्क काय, ही माहिती लेखी द्यावी. शक्य असल्यास आदेशाची प्रत द्यावी.’

दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. शिक्का देण्यास टाळाटाळ झाली, तर हाच मजकूर नोंदणीकृत ईमेलवरून शाखेला आणि बँकेच्या तक्रार निवारण कक्षाला पाठवावा. तोंडी झालेल्या चर्चेचा पुढे काहीच उपयोग होत नाही. महिन्याभरानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, किंवा वकिलाकडे जाल, तेव्हा कामी येते ती ही पोहोचच.

कर्मचारी काही बाबतींत गप्प राहतात, त्यामागे दर वेळी उद्धटपणाच असतो असे नाही. एखाद्या व्यवहाराची संशयास्पद म्हणून शासकीय यंत्रणेकडे खबर दिली असेल, तर ती गोष्ट ग्राहकाला सांगण्यास बँकेला मनाई असते. मात्र केवळ अशी खबर दिली एवढ्याच कारणावरून खात्यातील व्यवहार रोखू नयेत, असेही रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. त्यामुळे ‘गोपनीय आहे’ हे उत्तर खबरीपुरते मान्य करावे. पोलिसांनी पाठवलेल्या आदेशाचा क्रमांक आणि त्यांच्या कार्यालयाचा पत्ता मागताना मात्र माघार घेऊ नये.

बँकेने स्वतःहून रोखले असेल तर

हा प्रकार त्या मानाने सोपा असल्याने थोडक्यात पाहू. बरेचदा कारण केवायसीचे, म्हणजे ग्राहकाची ओळख आणि पत्ता यांच्या पडताळणीचे निघते. केवायसी अद्ययावत करण्याची मुदत ग्राहकाच्या जोखीम वर्गावर ठरते: जास्त जोखमीसाठी दोन वर्षे, मध्यमसाठी आठ आणि कमी जोखमीसाठी दहा. जून २०२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, मुदत संपण्यापूर्वी बँकेने किमान तीन वेळा पूर्वसूचना द्यायची असून त्यांपैकी एक तरी पत्राने पाठवायची असते. त्यानंतरही स्मरणपत्रे द्यायची असतात. सूचना कधी आणि कोणत्या पत्त्यावर पाठवल्या, हे बँकेला विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. अर्थात, जुना पत्ता किंवा बंद पडलेला मोबाइल क्रमांक बँकेत तसाच राहिला असेल, तर उत्तर तेथेच सापडेल. तपशिलात काहीही बदल नसेल तर नोंदणीकृत ईमेल, मोबाइल किंवा बँकेच्या अ‍ॅपवरून दिलेले स्वयंघोषणापत्र चालते; त्यासाठी शाखेत येण्याचा आग्रह बँकेने धरणे योग्य नाही.

दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने स्वतः एकही व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय ठरते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार असे खाते पुन्हा सुरू करण्यास शुल्क घेता येत नाही, त्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही आणि पूर्ण अर्ज मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ते सुरू करून द्यावे लागते.

त्याच बँकेचे कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची बाकी थकली असेल, तर बँक करारातील अटींनुसार बचत खात्यातील रक्कम अडवू शकते. तेथे वाद घालण्यापूर्वी कराराचे ते कलम आणि थकबाकीचा हिशेब मागून घ्यावा. एरवी शांत असलेल्या खात्यात एकदम मोठी रक्कम आल्यामुळे बँकेच्या देखरेख यंत्रणेने खाते रोखले असेल, तर त्या रकमेचा स्रोत दाखवणारा कागद, म्हणजे विक्रीखत, भविष्य निर्वाह निधीचा मंजुरी आदेश किंवा विमा दाव्याचे पत्र दिल्यावर प्रश्न सहसा शाखेच्या पातळीवरच मिटतो.

सायबर तक्रारीमुळे पोलिसांनी रोखले असेल तर

नवख्या खातेदाराला सर्वांत जास्त घाबरवणारा आणि सर्वांत कमी समजणारा प्रकार हाच आहे, म्हणून त्याची रचना आधी समजून घ्यावी. फसवणूक झालेली व्यक्ती १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या व्यवस्थेतून ती तक्रार संबंधित बँकांपर्यंत पोहोचते. फसवणुकीचा पैसा पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात असा वेगाने फिरवला जात असल्याने त्या साखळीतील प्रत्येक खाते तपासले जाते आणि रोखले जाते. साखळीतील या पायऱ्यांना बँकेचे कर्मचारी ‘लेयर’ म्हणतात. तुम्ही चौथ्या किंवा पाचव्या लेयरवर असाल, तर मूळ गुन्ह्याशी तुमचा कसलाही संबंध नसणे अगदी शक्य आहे.

समजा, तुम्ही जुना लॅपटॉप एका अनोळखी ग्राहकाला १८,५०० रुपयांना विकला. त्याने यूपीआयने पैसे दिले, लॅपटॉप नेला, व्यवहार संपला. ते पैसे दुसऱ्या राज्यातील एका व्यक्तीला फसवून मिळवलेले होते, हे तुम्हाला कळण्याचा मार्गच नव्हता. काही आठवड्यांनी तुमच्या खात्यातील सर्वच रक्कम अडकते, कारण साखळीत तुमचा खाते क्रमांक सापडला. आभासी चलनाची थेट व्यक्तीला विक्री करणारे, घरबसल्या माल विकणारे आणि ‘जरा तुझ्या खात्यात पैसे घेतो, मग मला रोख दे’ असे म्हणणाऱ्या परिचितांना होकार देणारे लोक या जाळ्यात वारंवार सापडतात. शेवटच्या गटाविषयी स्पष्ट बोलायला हवे. मोबदला घेऊन खाते दुसऱ्याला वापरायला दिले असेल, तर हे प्रकरण गैरसमजाचे राहत नाही. अशा व्यक्तीने हा लेख बाजूला ठेवून आधी फौजदारी वकील गाठावा आणि त्याच्याशिवाय कोणालाही जबाब देऊ नये.

बँकेकडून तक्रार क्रमांक, पोलीस ठाणे आणि वादग्रस्त रक्कम कळल्यावर पहिले काम म्हणजे तो व्यवहार आपल्या खाते उताऱ्यात शोधणे. यूपीआयचा संदर्भ क्रमांक १२ अंकी असतो. रकमेवरून न शोधता त्या क्रमांकावरून शोधावे, कारण एकाच रकमेच्या दोन नोंदी असू शकतात. नोंद सापडली की त्या व्यवहाराची सगळी कागदपत्रे एकत्र करावीत: विक्रीची जाहिरात, ग्राहकाशी झालेले संदेश, पावती, वस्तू पोहोचवल्याचा पुरावा. संदेशांचे स्क्रीनशॉट घेताना समोरच्याचा क्रमांक आणि तारीख दिसली पाहिजे. मूळ संभाषण कदापि पुसू नये. मोबाइल बदलायचा बेत असेल तर तो पुढे ढकलावा.

त्यानंतर तपास अधिकाऱ्याला ईमेलने निवेदन पाठवावे. पोलीस ठाणे दूरच्या राज्यात असले तरी पहिल्याच दिवशी तिकडे धावण्याची गरज नसते. अनेक प्रकरणांत ईमेल आणि दूरध्वनीवर काम पुढे सरकते. निवेदनात आपण कोण, व्यवहार कशाचा, पैसे कोणाकडून आले, पुरावे कोणते आणि विनंती काय, एवढेच लिहावे. विनंती दोन पातळ्यांवर करावी: खाते पूर्ण मोकळे करावे, आणि तपास चालू असल्याने ते शक्य नसेल तर केवळ वादग्रस्त रकमेवर (वरील उदाहरणात १८,५०० रुपयांवर) लिएन ठेवून उरलेल्या रकमेवरील बंदी उठवावी. ही दुसरी विनंती मान्य होण्याची शक्यता बरीच जास्त असते. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, पोलिसांनी जेवढी रक्कम नमूद केली आहे तेवढ्यापुरतीच बंदी मर्यादित ठेवावी, असे बँकांना बजावले होते. निवेदनात या भूमिकेचा उल्लेख करता येतो. काही वेळा तर पोलिसांच्या पत्रात ठरावीक रकमेचाच उल्लेख असतो आणि बँकेने सावधगिरी म्हणून सगळे खाते रोखलेले असते. आदेशाची प्रत मागायची ती यासाठीच.

पोलिसांकडून नोटीस आली तर तिच्यातील कलम आधी वाचावे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तिच्या कलम ९४ खालील नोटीस कागदपत्रे मागते, कलम १७९ खालील नोटीस साक्षीदार म्हणून बोलावते, आणि कलम ३५(३) खालील नोटीस संशयित म्हणून हजर राहण्यास सांगते. या तिसऱ्या नोटिशीकडे दुर्लक्ष केल्यास अटकेची वेळ येऊ शकते. तेथे वकिलाचा सल्ला घेऊनच पुढे जावे. पहिल्या दोन्हींना मुदतीत, लेखी आणि नेमके उत्तर द्यावे.

याच टप्प्यावर दुसरी फसवणूक घडते. गोठलेल्या खात्याची धास्ती घेतलेल्या माणसाला ‘सायबर विभागातून’ फोन येतो, खाते मोकळे करण्यासाठी शुल्क मागितले जाते, किंवा व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ झाल्याचे सांगितले जाते. असा अटकेचा प्रकार भारतीय कायद्यात अस्तित्वातच नाही. फोनवरील व्यक्ती खरी वाटली तरी फोन ठेवावा, पोलीस ठाण्याचा क्रमांक राज्य पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा आणि स्वतः फोन करावा. मूळ तक्रारदार म्हणवणाऱ्या कोणालाही परस्पर पैसे ‘परत’ करू नयेत. तो खरा तक्रारदार आहे याची खात्री तुम्हाला करता येत नाही आणि त्या रकमेची नोंद तपासात होत नाही. रक्कम परत देण्याची तयारी असेल तर ते तपास अधिकाऱ्याला लेखी कळवावे आणि पुढील गोष्ट त्याच्या किंवा न्यायालयाच्या आदेशानेच व्हावी.

पोलीस उत्तर देत नसतील तर

आठवडे उलटले, ईमेलला उत्तर नाही आणि दूरध्वनी उचलला जात नाही, ही तक्रार सर्रास ऐकू येते. आधी त्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना किंवा शहराच्या पोलीस आयुक्तांना सर्व पत्रव्यवहार जोडून स्मरणपत्र द्यावे. तेही निष्फळ ठरले तर न्यायालयीन मार्ग उरतो, आणि तो वाटतो तितका अवघड नाही.

बँक खाते ही पोलिसांना जप्त करता येण्याजोगी मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनाच्याच एका प्रकरणात १९९९ मध्ये स्पष्ट केले. नव्या संहितेत हा अधिकार कलम १०६ मध्ये आहे. मात्र त्याच कलमात, जप्तीची खबर अधिकारक्षेत्रातील दंडाधिकाऱ्यांना तत्काळ देण्याचे बंधनही पोलिसांवर आहे. ती खबर दिली गेली का, हा प्रश्न वकील सर्वप्रथम विचारतील. दंडाधिकाऱ्यांपुढे कलम ५०३ खाली रक्कम परत मिळण्यासाठी अर्ज करता येतो. सहसा तो ज्या पोलीस ठाण्याने कारवाई केली तेथील न्यायालयात करावा लागतो. कायद्याची प्रक्रियाच पाळली गेली नसेल तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग आहे. अडकलेली रक्कम वकिलाच्या खर्चापेक्षा कमी असेल तर थांबून निवेदनांवर भर देणे व्यवहार्य ठरते. पण संपूर्ण पगार किंवा घरखर्चच अडकला असेल तर माझ्या मते न्यायालयात जाण्यास फार उशीर करू नये.

बँकेविरुद्धच्या तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल व्यवस्था नोव्हेंबर २०२१ पासून आहे. तक्रार विनाशुल्क असते, ती आधी बँकेकडे करावी लागते आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर लोकपालाकडे जाता येते. पण येथे एक मर्यादा आहे, जी अनेकांना तक्रार फेटाळली गेल्यावरच कळते: बँकेने पोलिसांच्या किंवा वैधानिक यंत्रणेच्या आदेशाचे पालन म्हणून खाते रोखले असेल, तर तो वाद लोकपालाच्या कक्षेत येत नाही. केवायसी, निष्क्रिय खाते किंवा सूचना न देता लावलेली बंदी यांसाठी लोकपाल उपयोगी आहे.

कर विभागाच्या जप्तीचे गणित वेगळे असते. एकल मालकीचा व्यवसाय करणाऱ्यांचे वैयक्तिक खातेही वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ८३ खाली तात्पुरते जप्त होऊ शकते. अशी जप्ती एक वर्षानंतर आपोआप संपुष्टात येते आणि त्याआधी आयुक्तांकडे हरकत नोंदवता येते. आयकराच्या थकबाकीपोटी बँकेला नोटीस गेली असेल तर आधी ई-फायलिंग पोर्टलवरील जुनी मागणी तपासावी. दिवाणी न्यायालयाची जप्ती असेल तर ज्या दाव्यात आदेश झाला तेथेच अर्ज करावा लागतो. तिन्ही ठिकाणी बँक केवळ निरोप्या असते.

दरम्यानचा काळ निभावताना

कर्जाचा हप्ता, विम्याचा प्रीमियम आणि गुंतवणुकीचे मासिक हप्ते या खात्यातून आपोआप जात असतील, तर ते परत जातील, दंड लागेल आणि हप्ता चुकल्याची नोंद पतगुणांकावर उमटेल. म्हणून कर्ज देणाऱ्या संस्थेला खाते गोठल्याचे लेखी कळवून पुढील हप्ता दुसऱ्या खात्यातून किंवा थेट भरावा. दिलेले धनादेश अजून वटायचे असतील तर ज्यांना दिले त्यांना आधीच कळवून दुसऱ्या मार्गाने पैसे द्यावेत. धनादेश न वटल्याची कायदेशीर नोटीस आल्यावर स्पष्टीकरण देत बसण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडते. पर्यायी खाते शक्यतो दुसऱ्या बँकेत असावे, कारण काही बँका एका खात्यावरील बंदीनंतर त्याच ग्राहकाची इतर खातीही रोखतात. घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यातून व्यवहार करण्याचा मोह मात्र आवरावा. संशयाची साखळी तिच्यापर्यंत नेण्यात काही हशील नाही.

बंदी उठल्यावर

पोलिसांनी ईमेल पाठवला म्हणजे खाते लगेच सुरू झाले असे होत नाही. तो ईमेल बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा आदेशांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातो, तेथून प्रणालीत नोंद होते आणि मग शाखेला कळते. तपास अधिकाऱ्याकडून त्या ईमेलची प्रत मागून शाखेला स्वतः दिली तर काही दिवस वाचतात. एकाच खात्यावर दोन वेगवेगळ्या राज्यांतील तक्रारींचे लिएन असू शकतात. एक उठला तरी दुसरा तसाच राहतो. म्हणून सर्व बंदी उठल्याचे बँकेकडून लेखी घ्यावे, एक लहान रक्कम पाठवून पाहावी, थांबलेले स्वयंचलित हप्ते एकेक करून तपासावेत आणि वादग्रस्त व्यवहाराची फाइल तक्रार क्रमांकासह जपून ठेवावी, कारण त्याच गुन्ह्यात दुसऱ्या तक्रारदाराची नोंद पुढे आली तर तेच कागद पुन्हा मागितले जातात.